दिवसाच्या गाडीने जा

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा तक्ता नीट वाचला. कोल्हापूर, रत्नागिरी, मुंबई, अहमदाबाद, भूज, बाडमेर, जैसलमेर आणि शेवटी जोधपूर. सगळं बसने, पाठीवर एक सॅक, सुट्टी दोन आठवड्यांची. खाली लिहिलंयस की बाबा म्हणतात, कोकण तरी कर नाहीतर राजस्थान तरी, दोन्ही एका दमात म्हणजे ना धड हे ना धड ते. मैत्रीण म्हणते विमानाने जा. आणि या सगळ्यात तुला आता जावंसंच वाटेनासं झालंय. बाबांचं एवढं मनावर घेऊ नकोस. पाऊस आणि वाळवंट एका फेरीत बसतात, सोलापूरच्या माणसाने तर ते करायलाच हवं, का ते पुढे सांगतो. मला खटकलं ते वेगळंच. तक्त्यात जिथं जिथं लांबचा टप्पा आहे तिथं तिथं तू 'रात्री स्लीपर' लिहून ठेवलंयस आणि पुढे हौसेने, 'दिवस वाचतो'.

वाचवलेल्या दिवसाचं करणार काय? जैसलमेरला पहाटे डोळे चोळत उतरशील, लॉजवाला दुपारपर्यंत खोली देणार नाही, सॅक पायाशी घेऊन कुठल्यातरी चहाच्या टपरीवर बसशील आणि खोली मिळाली की संध्याकाळपर्यंत झोपशील. म्हणजे रात्र जागून काढायची आणि वाचवलेला दिवस झोपून. हा कसला हिशेब? दिवसाच्या गाडीने जा, पोरी. मला एवढंच सांगायचंय, पत्रातलं बाकीचं सगळं त्याच्याच आजूबाजूचं आहे.

सुरुवात आपल्या दारापासून कर. सकाळची गाडी धरलीस की मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. मुक्काम. मग मलकापूर, आंबा घाट, साखरपा, रत्नागिरी. हा सगळा एकच राष्ट्रीय महामार्ग, १६६ नंबरचा. याच्या आपल्या टोकाला वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि समुद्राच्या टोकाला तीन हजारांच्या वर. एवढा फरक पडताना बघायला खिडकीपाशी दोन दिवस बसावं लागतं, तेही डोळे उघडे ठेवून. स्लीपरमध्ये पडदा ओढून आडवी झालीस तर सोलापुरात कोरडी चढशील आणि रत्नागिरीत ओली उतरशील, मधलं काहीच हाती लागायचं नाही.

मंगळवेढ्याला बाहेर बघ. ऐन पावसाळ्यात काळं रान उघडं पडलेलं दिसेल, लांबवर, एक हिरवं पान नाही. बाहेरगावचा माणूस म्हणतो, अरेरे, दुष्काळ. तू म्हणू नकोस, तुझी आजी तिकडचीच. ते रान पडीक नसतं, राखलेलं असतं. आपला खरा पाऊस सप्टेंबरचा. तो त्या काळ्या मातीत मुरतो, त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरायची आणि पुढे थंडीत ती वरचं पाणी न मागता वाढते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय ते याच रानामुळे. हे उघडं रान डोक्यात ठेव. जैसलमेरच्या अलीकडे त्याची गरज पडणार आहे.

पुढे सांगोल्याला डाळिंबाच्या बागा, मिरजेच्या आसपास ऊस, कोल्हापूर ओलांडलं की भाताची खाचरं. मलकापूरपासून छपरांचा उतार वाढत जातो आणि काळी माती संपून तांबडी सुरू होते. कोल्हापुरात उतरलीस की स्टँडबाहेर कुणालाही विचार, पंचगंगा किती? क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा आकडा फुटांत सांगतात. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. सोलापुरात आपण उजनी किती टक्के भरलं ते विचारतो, भरलं की पेढे वाटायचे बाकी ठेवतो. तिथं तोच आकडा चढला की माणसं गुरं सोडायच्या तयारीला लागतात.

आंबा घाटात साध्या एसटीत बस, त्या काचबंद वातानुकूलित गाडीत नको. साध्या गाडीच्या सरकत्या काचेखाली एक खाच असते, तिच्यात पावसाचं पाणी साचत राहतं आणि गाडी वळणावर कलली की ते सगळं एकदम आपल्या मांडीवर येतं. म्हणून रेनकोट अंगात न घालता मांडीवर पसरायचा. काच बोटभर उघडी ठेवायची, नाहीतर आतून वाफ धरते आणि दरीऐवजी पांढरं धुकं बघत बसावं लागतं. कंडक्टर ओरडेल, ओरडू दे. शेजारच्या बाईला आधी विचारून घे म्हणजे झालं.

आता तू म्हणशील, काका हे सगळं कुठल्या अधिकाराने सांगतायत. तुला माहीत आहे, मी आयुष्यभर चादरी विकल्या. नमुन्यांची बॅग घेऊन गुजरात, मारवाड, तिकडं थंडीसाठी आपला माल चांगला खपायचा. मालकाचा नियम एकच होता, प्रवास रात्री, धंदा दिवसा. लॉजचा खर्च वाचतो आणि दुकान उघडायच्या वेळेला माणूस दारात हजर. तुझा तक्ता बघितला आणि वाटलं, मालकच परत नोकरीवर आले. त्या काळात रात्रीच्या गाड्या म्हणजे व्हिडिओ कोच. पुढे टीव्हीवर मारामारी चाललेली, बाहेर काळोख. पालनपूरच्या पुढचा मुलूख कसा आहे, विचार मला. ट्यूबलाइट, तिच्याभोवती किडे आणि अर्धा कप चहा, एवढा मला माहीत होता. घरी आलो की काकू विचारायची, वाटेत काय होतं? मी म्हणायचो, अंधार. तिला वाटायचं मी टाळतोय. तरुणपणीची सगळी वर्षं मी त्या मुलखातून गेलो आणि तो मला दिसला नाही, ही चुटपुट आहे आणि राहणारच. आता तिचे गुडघे चालत नाहीत, नाहीतर दोघं गेलो असतो.

निवृत्त झाल्यावर मी तोच रस्ता उजेडात केला. घरी सगळ्यांना ते खूळ वाटतं. आमचे चिरंजीव म्हणतात, बाबा, जिथं एका रात्रीत पोचता येतं तिथं तुम्ही तीन दिवस लावता, लॉजचे पैसे वर, यात शहाणपण काय? मी म्हणतो, तुझा मोबाइल महाग की माझा लॉज? आणि पासष्टी उलटल्यावर महामंडळाच्या गाडीत मला अर्धं तिकीट आहे. बायकांना तर वयाची अटही नाही, २०२३ च्या मार्चपासून अर्धंच. तुलाही तेच. महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पासही मिळतो, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, पण तुझ्या अर्ध्या तिकिटापुढे तो स्वस्त पडतो का ते खिडकीवर विचारून घे. राहता राहिला वेळ. पोचणं हेच काम असेल तर रात्र बरी, ते मी केलंय, त्याचा पगार मिळायचा. तुला कुणी पगार देतंय का? मग मालकासारखं वागू नकोस.

बाबांना रात्रीच्या गाडीची काळजी वाटते हे मला कळतं. पावसाळ्यात घाटात दरडी येतात, २०२१ च्या जुलैत आंबा घाटच बंद पडला होता. दिवसा गेलीस तर त्यांचीही झोप होईल. पण मी हे भीतीपोटी सांगत नाहीये. उद्या सगळे घाट सरळ झाले तरी मी हेच सांगेन.

रत्नागिरी ते मुंबई हा टप्पा कंटाळवाणा आहे, महामार्गाचं काम चाललंय म्हणता म्हणता तुझी पिढी मोठी झाली. एक मात्र बरं, गणपतीच्या आधी मुंबईहून कोकणात येणाऱ्या गाड्यांना मुंगी शिरायला जागा नसते, तू उलट्या बाजूने जाणार, तुला खिडकी मिळेल. चिपळूणला गाडी थांबली की २०२१ चं पाणी कुठपर्यंत होतं ते विचार, लोक हात वर करून दाखवतात. मुंबईला फक्त झोप. मुंबई तू कधीही बघशील. तिथल्या पावसाबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेव, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे आपला दीड वर्षाहून जास्त पाऊस एका दिवसात. पुढे अहमदाबादपर्यंत बसचा कंटाळा आला तर दिवसाची रेल्वे धर. माझा हट्ट उजेडाचा आहे, गाडी कुठली ते तू ठरव.

भूज तू पांढऱ्या रणासाठी ठेवलंयस असं दिसतं. ऑगस्टात तिथं पाणी असतं. मीठ थंडीत दिसतं. म्हणून भूज खोडू नकोस, कारण अहमदाबादहून दिवसा निघालीस तर सूरजबारीचा पूल उजेडात लागतो. छोटं रण पावसात भरतं, मीठ पिकवणारे आगरिये तेव्हा आपापल्या गावी गेलेले असतात आणि दोन्ही बाजूंना नुसतं पाणी आणि चिखल. वाळवंट म्हणून निघालेला माणूस पाण्यावरून आत शिरतो. भुजात मध्यभागी हमीरसर तलाव आहे, आपला सिद्धेश्वर तलाव आहे तसा गावाच्या पोटात. तो भरून सांडला की गावाला चक्क सुट्टी देतात आणि मेघलाडू करतात. पंचगंगेचा आकडा ऐकून आलेल्या माणसाने हे बघावं. पण ते डोक्यात बसायला मधला सगळा रस्ता डोळ्यांखालून जायला हवा. रात्री झोपून गेलीस तर कोल्हापूर एक फोटो आणि भूज एक फोटो, बस्स.

भुजाहून बाडमेर एका दिवसात रेटू नकोस. राधनपूर, सांचोर, धोरीमन्ना असे तुकडे पाड, सांचोरला मुक्काम कर. साधी गावं आहेत, बघण्यासारखं काही नाही असं लॉजवाला स्वतःच सांगतो. ऐकू नकोस. बाडमेरला पोचशील तेव्हा ते बरंच हिरवं दिसेल आणि तुझा विरस होईल, कारण तुझ्या डोक्यात वाळूच्या टेकड्या आणि उंट. पावसात थरचं वाळवंट हिरवं होतं, बाजरी उभी असते, सेवण गवत वाढलेलं असतं. आणि तिथं पूरही येतो. २००६ च्या ऑगस्टात बाडमेरजवळचं कवास गाव बुडालं होतं. जमिनीखाली जिप्समचा थर, पाणी मुरेना, पाऊस थांबल्यावरही ते तसंच साचून राहिलं. वाळवंटात माणसं पाण्याने मेली. हे ऐकलं तेव्हा मी तिथं चादरीच विकत होतो आणि गावाबाहेरचं मैदान कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं.

बाडमेर ते जैसलमेर. या टप्प्यासाठी मी हे पत्र लिहितोय असं समज. गाडी उत्तरेला जाते, सकाळी निघालीस तर डावीकडे बस, ऊन उजवीकडून येतं. वाटेत खेजडीची झाडं दिसतील, छाटून छाटून बोडकी झालेली. त्यांच्या शेंगा म्हणजे सांगरी, त्यांची भाजी खाशीलच. जैसलमेरच्या आसपास सखल जागी मातीचे लांबच लांब बांध दिसतात. बांधाच्या आत पाणी साचलेलं किंवा नुसती ओली, उघडी जमीन, पेरलेलं काही नाही. त्याला खडीन म्हणतात. पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी बसवलेली रीत. आजूबाजूच्या खडकाळ उतारावरचा सगळा पाऊस त्या एका तुकड्यात अडवायचा, मुरू द्यायचा आणि पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू, हरभरा पेरायचा. जिथं वर्षाला दोनशे मिलिमीटर पडणं मुश्कील तिथं गहू! आता मंगळवेढ्याचं रान आठवलं? माती वेगळी, पाऊस वेगळा, भाषा वेगळी, पण पावसाळ्यात रान मोकळं ठेवून ओलीची वाट बघणारा माणूस तोच. हे मला कुणी सांगितलं नाही, पुस्तकात वाचलं नाही, खिडकीतून दिसलं. उजेड होता म्हणून दिसलं. मी गाडीत मोठ्याने म्हणालो, अरे, ही तर आपली रब्बी! शेजारचा म्हातारा दचकला.

म्हणून म्हणालो, सोलापूरकराने हे दोन्ही एका फेरीत करावं. पुणे-मुंबईच्या माणसाला वाळवंट ही गंमत वाटते. आपण पावसाच्या कडेला राहणारी माणसं, आपल्याला दोन्हीकडचं कळतं. आणखी एक. हवामान खात्याच्या नेहमीच्या तारखांप्रमाणे मान्सून १७ सप्टेंबरच्या सुमाराला परत फिरायला लागतो तो पश्चिम राजस्थानातून. ज्या परतीच्या पावसावर आपली ज्वारी, तो तिथून निघतो. तू त्याच्या थोडी आधी तिथं असशील.

जैसलमेरला सम गावाकडच्या तंबूत पैसे घालवू नकोस. उंटावर बसून फोटो काढणाऱ्यांची तिथं रांग असते. त्यापेक्षा गडीसर तलावावर बस. तिथं ऑगस्टात संध्याकाळी आपल्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा अंधार पडतो, हा फुकटचा उजेड आहे, वापर. माळढोक बसमधून दिसेल अशी आशा धरू नकोस. शाळेत तुम्हाला नान्नजला नेलं होतं ना? १९७९ चं अभयारण्य, आणि आता तिथं काळवीट दिसतात पण ज्याच्या नावाने ते केलं तो पक्षी दिसणं मुश्कील. जे उरलेत त्यांतले बहुतेक जैसलमेरकडे, सगळे मिळून दीडशेच्या आत असतील. तो उंच तारांना धडकून मरतो. त्या तारा आणि पवनचक्क्या मात्र गाडीतून सारख्या दिसतात, त्या बघ.

परत निघताना पोखरणमार्गे जोधपूरची गाडी धर, तीही सकाळची. तुझ्या तारखा भाद्रपदाच्या तोंडाशी येतायत. भाद्रपद शुद्ध द्वितीयेला पोखरणजवळच्या रामदेवऱ्याची जत्रा सुरू होते, त्याच्या आधीपासून रस्त्याच्या कडेने माणसं चालत असतात, हातात निशाणं, काहींच्या डोक्यावर कापडाचा घोडा. त्यांना जातरू म्हणतात. कडेला मांडव टाकून लोक त्यांना जेवू घालतात, पाय चेपून देतात. आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यावर उभं राहिलेल्या पोरीला मी आणखी काय सांगू. रात्रीच्या गाडीतून हे लोक हेडलाइटमध्ये क्षणभर दिसतात आणि ड्रायव्हर हॉर्न मारतो.

दिवस पुरत नाहीत म्हणशील. मी मांडून पाहिलं, पुरतात, पण मुंबई आणि अहमदाबाद बघायचं सोडावं लागेल. सोड. शहरं कमी कर, उजेड कमी करू नकोस. जोधपूरहून घरी मात्र रेल्वेने ये, रात्रभर झोप, मी काही बोलणार नाही.

गाडी चुकली, गाडीच रद्द झाली, असं होणारच. संध्याकाळ झाली की जिथं असशील तिथं उतर आणि लॉज शोध. स्टँडसमोरचा पहिला लॉज घेऊ नकोस, बाजारपेठेतला घे, बायकामाणसं उतरतात असा. पुढच्या गावची शेवटची गाडी आहे, धरते आणि पोचते, असला उत्साह नको. हे तुला पटलं नाही तर तुझ्या मनाप्रमाणे कर, फक्त मग परत येऊन मला वाटेतलं काही सांगू नकोस.

बाबांशी मी बोललोय. ते 'बघू' म्हणाले, म्हणजे झालं. सॅकमध्ये कपडे कमी घे आणि कडक भाकरी घे, ज्वारीची आणि बाजरीची, पातळ, पूर्ण वाळवलेली. बरोबर शेंगाची चटणी, कोरडी, तेलाशिवाय. लोणचं नको, सगळ्या कपड्यांना वास लागतो. कोकणात भाकरीचा डबा उघडा राहिला तर रात्रीत सादळतात, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा लागेल. बाडमेरपासून पुढे कापडात बांधल्या तरी चालतात. काकू मंगळवारी करणार आहे. डबा तुझा आण, आमचे सगळे लोकांकडे गेलेत ते परत आले नाहीत.

तुझा,
काका